डावीकडचा बाक

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फोटोग्राफर आहे, गोष्टी रचणं मला जमत नाही. जे कॅमेऱ्यात आलं आणि जे कानांनी ऐकलं, तेवढंच सांगतो.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर रहदारी. भुताखेताची म्हणतात तशी वेळच नव्हती ती.

त्या दिवशी माझा पहिला फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा आला.

नऊ वर्षं लहान सेन्सरवर काढली होती. शेवटी आमच्यासारख्यांना परवडेल असं मॉडेल निघालं आणि मी उडीच मारली. हातात घेतला तर हलका, जरासा प्लॅस्टिकी. मेमरी कार्डाची जागा एकच. पण शटरचा आवाज इतका मऊ, की जीव खूश झाला.

जुनीच लेन्स लावली. ट्रायपॉड स्टुडिओतल्या नेहमीच्याच जागी. समोर रिकामं स्टूल. पहिला फोटो घेतला.

माहीत नसेल तर सांगतो. जागा तीच, लेन्स तीच, तरी मोठ्या सेन्सरवर दोन्ही बाजूंचं जास्त दिसतं. लहान कॅमेरा कडेचं जे सोडून द्यायचा, ते आत येतं.

डावीकडचा बाक आत आला. माझी मुलगी, चिंगी, शाळा सुटली की त्यावर अभ्यासाला बसते.

बाकावर... एक कोपर होतं.

मी मान वळवून पाहिलं. बाक रिकामा.

कॅमेरा जरा डावीकडे फिरवला. पुन्हा फोटो.

राखाडी कपडे... मांडीवर ठेवलेले दोन हात... खाली घातलेली मान. कुणीतरी बाई. नंबर यायची वाट बघत गिऱ्हाईक बसतं ना, तशी बसलेली.

घाईघाईने मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणजे ज्यांनी मला कॅमेरा धरायला शिकवलं आणि चार वर्षांपूर्वी हा स्टुडिओ विकला ते.

"मास्तर, मी फुल-फ्रेम घेतला..."

"कशाला घेतलास? बजावलं होतं ना, या जागेला छोटाच पुरे म्हणून?"

"मास्तर, ते बाकावर..."

"बसलेली आहे ना अजून? उठली तर नाही?"

मी तर त्यांना त्या बाईचं काहीच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शेजारी माणूस असलं की ती उठत नाही रे. वीस वर्षं तुझी काकू बसायची तिथे विणकाम घेऊन. ती गेली, बाक रिकामा पडला. मग ही रोज एकेक पाऊल... माझ्याकडे. म्हणून विकला."

"आणि चिंगीला तिथे बसव म्हणून तुम्हीच सांगितलंत! उजेड चांगला येतो म्हणालात!"

"खरं सांगितलं असतं, तर घेतला असतास स्टुडिओ?"

बापाच्या जागी मानलं होतं मी या माणसाला. चार वर्षांत ताकास तूर लागू दिली नाही. केसाने गळा कापला, आणि तोही माझ्या पोरीला पुढे करून.

तेवढ्यात दार उघडलं. मी ओरडेपर्यंत चिंगी दप्तर टाकून, वही काढून बाकावर बसलीसुद्धा.

कॅमेरा तिकडेच रोखलेला होता. माझी नजर स्क्रीनवर गेली.

ती मान आता खाली नव्हती... चिंगीच्या वहीकडे वळलेली होती.

पोरीला उचललं आणि धावत सुटलो. स्टुडिओचं शटर ओढायचंही भान राहिलं नाही. पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही. सामान हमालांकडून आणवलं.

दोन महिन्यांनी हिंमत करून चिंगीला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती शांतपणे म्हणाली, "मला माहितीये, बाबा."

"काय माहितीये?"

"मास्तरआजोबांनी सांगितलं होतं. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, नुसतं बसायचं. म्हणाले, तुझ्या बाबांनीच तुला या कामाला बसवलंय. त्यांना विचारलंस तर ते चिडतील."

"बाळा, मला खरंच ठाऊक नव्हतं."

"चार वर्षं?"

मी शपथ घेतली. तिने मान डोलावली. पण तिला पटलेलं नाही, हे मला कळतं.

तेव्हापासून ती सोफ्यावर माझ्या शेजारी बसत नाही. दुसऱ्या टोकाला बसते. मधे एका माणसाची जागा सोडते.

रागाने सोडते, असं मी धरून चाललोय. विचारायची माझी हिंमत होत नाही.