एक्केचाळिसावी नोंद

मुख्याध्यापक लांजेवारांनी शाळेच्या जुन्या प्रवेश रजिस्टरचं पान उघडलं. नोंद एक्केचाळीस: रामा चैतू नैताम, १९५३. जातीच्या रकान्यात 'गोंड' नव्हतं, 'कुणबी' होतं.

रोशनी नैताम ही या रामाची नात. आदिवासींच्या राखीव जागेवर भामरागडकडच्या शाळेत शिक्षिका म्हणून तिची निवड झाली होती. मग निनावी तक्रार आली आणि जात पडताळणीच्या दक्षता पथकाच्या निरीक्षक कुंदा बोरकुटे तिच्या गावी, कोसमटोल्यात पोचल्या.

रोशनी ओट्यावर एकटीच बसली होती. तक्रारीपासून महिनाभर गावात तिच्याशी कोणी धड बोललं नव्हतं.

"आजोबाले सारं गाव झुंगाच म्हणे," ती म्हणाली. "रामा हे नाव शाळेतल्या गुरुजीनं लिवलं. ते फक्त घरातच माहीत."

"घरात कोण कोण?"

"मी अन् आत्या. मायबाप मी लहान असतानाच गेले."

बोरकुटे शाळेत परतल्या. "हे पान भिजलं कधी?"

"चौऱ्याण्णवच्या पुरात, असं ऐकलंय," लांजेवार म्हणाले. "तेव्हापासून कपाट तांदळाच्या खोलीत असतं."

"खोलीची किल्ली?"

"एक माझ्याकडे. दुसरी खिचडी शिजवणाऱ्या जयवंताबाईकडे. रोशनीची आत्या."

संध्याकाळी बोरकुटे रोशनी आणि तिच्या आत्यासमोर बसल्या.

"पुरात पानावरची सगळी शाई पसरली. फक्त 'कुणबी' हा शब्द पसरला नाही, म्हणजे तो नंतर लिहिला. खाली कागद ब्लेडने खरवडलाय. तक्रारीत 'रामा, नोंद एक्केचाळीस' असं आहे. गावातल्या कोणीही झुंगा शोधला असता, आणि झुंगा रजिस्टरात नाहीच. लांजेवार गेल्या वर्षी बाहेरून आलेले, त्यांना रामा कोण ते ठाऊक नाही. नाव माहीत आणि किल्लीही हातात, असं माणूस एकच."

जयवंताबाईंनी किल्ली काढून बोरकुटेंसमोर ठेवली.

"काहून, आत्या?" रोशनीने विचारलं.

"तू गेल्यावर या घरात मी कोणाशी बोलू? नोकरी अडली तर राहशील, वाटलं."

"मी तर तिकडे दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. एक तुझी."

"मले बोलली नाहीस."

"प्रमाणपत्र हातात आल्यावर सांगणार होती."

बोरकुटेंनी अहवालात रोशनीच्या दाव्याच्या बाजूने लिहिलं. खाडाखोडीचा गुन्हाही नोंदवावा लागला. रोशनी जूनमध्ये नोकरीवर हजर झाली. तारखेला आत्यासोबत कोर्टात जायला ती दर वेळी रजा काढते. तिकडची दुसरी खोली अजून रिकामीच आहे.