उल्काकाचेतली सरसू

उल्का खडकमाळावर पडणार, हे चाळीस मिनिटं आधी कळलं होतं. दोन हजार एकाहत्तर साली तेवढं कळतंच. इशारा यादीतल्या प्रत्येक फोनवर गेला. माळावरची वडारवस्ती यादीत नव्हती, म्हणून तिला गेला नाही. यात गूढ काही नाही. कागदावर तो माळ निर्मनुष्य होता आणि अकरा वर्षांनंतरही निर्मनुष्यच होता.

उल्का आदळते तेव्हा जमीन क्षणात वितळते, उडते आणि उडतानाच गोठते. तिच्यात अडकलेलं काहीबाही जळायच्या आत काचेत बंद होतं. अशा उल्काकाचेत शास्त्रज्ञांना माणसाच्याही आधीचं गवत मिळालंय, न कुजलेलं. त्या गवतावर कुणी संशय घेतला नाही. रेणव्वा धोत्रेच्या लेकीचा मात्र मृतांची नोंद करणाऱ्या समितीला पुरावा हवा होता.

प्रयोगशाळेच्या टेबलावर मुठीएवढा काळपट गोळा होता. आत वेणीचा तुकडा.

"सरसूची हाय," रेणव्वा म्हणाली. "मीच घातलेली. मंग खडी फोडाय गेले, म्हनून जित्ती ऱ्हायले."

"मावशी, समिती म्हणते शेळीचेही केस असतील," डॉ. टिळेकर म्हणाले. "तपासायचं तर काच फोडावी लागेल. आणि हवा लागली की केसांचा भुगा होणार."

"न्हाई फोडलं तर?"

"गोळा दहा कोटी वर्षं असाच राहील. वस्ती नव्हती, हेही तसंच राहील."

रेणव्वानं गोळा उचलून हातात तोलला. मग म्हणाली, "करवत हाय की तुमच्याकडं."

"ती तापते, केस जळतील. हातानं फोडणारं इथं कुणी नाही."

"कसं असंल. शिकल्याली मानसं."

तिनं गोळा कानाशी धरून बोटानं वाजवला, दगडाची नस शोधली आणि आपल्या हातोडीचा एकच घाव घातला. वेणी क्षणभर उघडी पडली, काळीभोर. मग भुगा. टिळेकरांनी तो नळीत भरला.

आठव्या दिवशी समितीचं पत्र आलं. एक व्यक्ती सिद्ध. अर्जातल्या उरलेल्या सेहेचाळीस जणांसाठी प्रत्येकी स्वतंत्र नमुना सादर करावा.

कपाटात तसले गोळे ओळीनं मांडलेले होते. एकात तिच्या नवऱ्याचे केस होते.

"सायेब, बाकीचे ऱ्हाऊ द्या. माझी हुती, मी फोडली. दुसऱ्यांची लेकरं फोडायचा हक मला न्हाई."

"मग ते नव्हतेच, असं होईल."

"तुमच्या कागदात. काच टिकती म्हनालात न्हवं? मोजंल कुनीतरी. मानूसच असला पायजे असं न्हाई."

टिळेकरांनी अहवालावर सही केली. खडकमाळ, लोकसंख्या एक. स्त्री, वय अंदाजे नऊ. नऊ वर्षांची एक मुलगी त्या माळावर एकटीच राहत होती, असं आता सरकारी नोंदीत आहे.