पहिल्या लूमची पट्टी

आठवड्याच्या वीजसुट्टीमुळे लिंबायत वस्तीतल्या यंत्रमागांच्या शेडमधले सगळे लूम गप्प होते. मालक निंबाचा पाय मात्र एका जागी ठरत नव्हता.

"मन्ही वस्तू शे ती, ताई! रातोरात कोणी उपटून नेली?"

"सुरुवातीपासून सांगा," शोभा देवरे म्हणाली. खासगी तपास हा तिचा धंदा. तिला रिक्षातून घेऊन आलेला बाबुराव, तिचा जुना सोबती, मागे उभा होता.

आडवा धागा तुटला की लूम आपोआप थांबवणारी पट्टी निंबानं स्वतः घडवली होती. पहिल्या पट्टीवर छिन्नीनं सालही ठोकलं होतं, १९८७. पुढे गल्लीतल्या सगळ्यांनीच ती बसवून घेतली. आणि आता त्याला न् साऱ्या गल्लीला सूत पुरवणाऱ्या भाईदासनं त्याच पट्टीवर पेटंट मागितलं होतं. अर्ज मान्य होऊन राजपत्रात छापूनही आला होता.

"छापल्यापासून चार महिन्यांत हरकत घेता येते," निंबा म्हणाला. "मुदत संपत आली, आणि सालाची पट्टीच गायब!"

तो वकिलाकडे धावला. शेडचं कुलूप शाबूत होतं. पहिल्या लूमवर मोकळा बोल्ट होता आणि त्यावर नट पुन्हा नीट बसवलेला. बाबुरावानं पाना लावला. नट सुटेना, उलट अधिकच आवळला.

"उलटं फिरवा, भाऊ," पान्याकडे न बघताच चहा ठेवता ठेवता निंबाची बायको प्रमिलाबाई म्हणाली.

"लूमवर काम केलंय तुम्ही?" शोभानं विचारलं.

"छे! घर भलं न् मी भली. लूमला कधी हात लावला नाही."

शेडची एक किल्ली घरात असे, दुसरी किसन कारागिराकडे. किसन घाबराघुबरा झाला. "भाईदासशेठनं मला नोकरी देऊ केली होती, खरंय. पण मी चोर नाही! सगळ्या लूमच्या बोल्टना सरळ आटे आहेत. फक्त पहिल्याचा बोल्ट भंगारातला, उलट्या आट्याचा. चोरानं पाना मारून नट खराब कसा केला नाही, याचंच नवल वाटतं."

भाईदास आपल्या दुकानात हसला. "जुओ बेन, हे बघा, साल कोरलेली पट्टी आहे हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय."

"किसनच," परतताना बाबुराव म्हणाला. "किल्ली त्याची, आटे त्याला ठाऊक."

वकिलाकडून परतलेल्या निंबाला आणि किसनला शोभानं प्रमिलाबाईच्या स्वयंपाकघरातच बसवलं.

"परका माणूस नट सरळ फिरवून झिजवतो, बाबुराव, तुम्ही करत होता तसाच. किसन चोर असता, तर उलट्या आट्यांची गोष्ट स्वतःहून बोलला नसता. आणि चोराला नट हरवू नये याची काळजी कशाला? ती घरच्यालाच. लूमला हात न लावलेल्या बाईनं मात्र बाबुरावांना 'उलटं फिरवा' म्हणून सांगितलं."

निंबा वळला. "तू?"

प्रमिलाबाईनं ज्वारीच्या डब्यातून पट्टी काढून पुढे ठेवली. "सूत भाईदासकडनं येतं. त्यानं बंद केलं तर चूल कशी पेटायची? भांडण नको म्हणून लपवली. तुम्ही ऐकत नव्हता."

निंबानं पट्टी उचलून सालावरून अंगठा फिरवला.

"अहो, हरकत एकट्या निंबाभाऊंनीच घ्यावी असं कुठंय?" शोभा म्हणाली. "ज्याचा हितसंबंध आहे तो कोणीही घेऊ शकतो. ही वस्तू अर्जाच्या आधीपासून उघड वापरात होती, एवढं दाखवायचं. गल्लीतल्या प्रत्येक लूमवाल्याचं पोटपाणी त्यात आहे. भाईदास एकाचं सूत तोडेल. सगळ्यांचं तोडलं तर विकेल कोणाला?"

मुदत संपायच्या आत गल्लीतल्या लूमवाल्यांच्या सह्यांनिशी हरकत मुंबईच्या पेटंट कार्यालयात पोचली. भाईदासनं निंबाचं सूत थांबवलंच. शेजाऱ्यांनी आपल्यातलं दिलं, पण दोन लूम बंद ठेवावे लागले. प्रमिलाबाई ते बघून शेडबाहेर जायची नि पुन्हा आत यायची.

सुनावणीत साक्षीला तीच उभी राहिली. भाईदासच्या वकिलानं चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, ही पट्टी तुम्ही फक्त लांबून पाहिली असेल ना?"

"पाहिली नाही, साहेब," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिली पाच वर्षं मीच चालवलीय."

भाईदासला पेटंट मिळालं नाही.