लाल दोरा असेपर्यंत

मामाच्या गॅरेजमध्ये तिला सगळे ‘धास्ती’ म्हणत. नाव पाळण्यातलं नव्हतं, कमावलेलं होतं. जॅक लावला तरी ती चाकामागे दगड ठेवी, आणि बॅटरीची तार काढल्याशिवाय वायरीला बोट लावत नसे. जुन्या गाड्यांचं वायरिंग करायचं, आणि प्रत्येक वायर आपल्यावरच टपून बसलीय असं मानायचं, अशी तिची तऱ्हा!

त्या दुपारी धुक्यातून एक म्हातारी गाडी कण्हत आत आली. दिवे लावले की वायपर बंद, वायपर लावला की दिवे मलूल. आतून एक उंच तरुण उतरला. घड्याळं दुरुस्त करणारा असावा, कारण गळ्यातलं भिंग काढायचंच तो विसरला होता. मागच्या सीटवर त्याची आई, मांडीवर पिशवी घेऊन.

“आईला घाटाखाली मावशीकडे सोडायचंय. आजोबांची गाडी आहे... रुसते मधूनमधून.”

“रुसली नाही, गंजलीय,” ती म्हणाली. तिने बॅटरीची तार काढली आणि ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळची फ्यूजची पेटी उघडली. पितळी चिमटे हिरवेगार पडले होते. “चिमटा गंजला की फ्यूज तापतो. आणि तापला की...” तिने पॉलिश पेपर उचलला.

“की?”

“जळतं सगळं.”

त्याने टॉर्च धरला. घड्याळवाल्याचा हात तो, तसूभरही हलेना. पॉलिश पेपरने घासणारा तिचा हातच तेवढा थरथरत होता.

“भीती वाटते तुम्हाला?”

“रोज.”

“तरी हेच काम?”

“मी घाबरते, म्हणून माझ्या हातची गाडी पेटत नाही.”

तो हसला. असा काही हसला, की तिने लख्ख झालेला चिमटा पुन्हा एकदा घासला.

दिव्यांचा फ्यूज काढताना हातातच तुटला. मामा नवा शोधायला आत गेला. तोवर तिने तुटक्या फ्यूजला चॉकलेटची पन्नी गुंडाळली, त्याला लाल दोरा बांधला आणि बॅटरी जोडली.

“दोरा कशाला?”

“मामाचा नियम आहे. पन्नी दोन मिनिटांपुरती, दिवे लागतात का बघायला. ती फ्यूजसारखी उडत नाही ना, मग वायरच जळते. म्हणून दोरा. दोरा असेपर्यंत गाडी सोडायची नाही.”

“चांगला नियम आहे,” तो म्हणाला. पण बघत होता तो तिच्याकडे...

दिवे झगझगीत लागले. “झालं ना रे? धुकं वाढतंय!” मागून आई म्हणाली.

“येताना... दाखवायला येऊ का? गाडी?”

“बरी असली तर कशाला?”

“मग बिघडवून आणतो.”

ती खुदकन हसली, आणि त्या हसण्यात पेटीचं झाकण कधी लागलं, गाडी कधी गेली, तिला कळलंच नाही.

“सापडला एकदाचा!” नवा फ्यूज नाचवत मामा बाहेर आला.

पन्नी आणि दोरा गाडीतच गेले होते!

गॅरेजच्या वहीत लिहून घेतलेल्या त्याच्या नंबरवर फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मामाच्या हातातला फ्यूज हिसकावून तिने स्कूटरला किक मारली. उतारावर एरवी गाडी ढकलत नेणारी ही मुलगी, आज जीव मुठीत धरून घाट उतरत होती. चार हातांपलीकडचं दिसेना. प्रत्येक वळणावर तिला धुराचा वास येई. थांबून हुंगावं, तर नुसतं ओलं गवत. आपण मारलं त्यांना... आपण हसत बसलो आणि मारलं!

आणि मग एका वळणावर ती गाडी दिसली. काळोखी, दिवे बंद, दार सताड उघडं.

स्कूटर कडेला लावून ती धावली.

“आलात?” धुक्यातून आवाज आला. तो कठड्यावर बसला होता, शेजारी शालीत गुरफटलेली आई.

“गाडी... दिवे...”

“गुडघ्याला दोरा लागला. तुमचा नियम आठवला. मग बॅटरीची तार काढली, तुम्ही काढली होतीत तशी. फोन लागेना. म्हटलं, थांबू. त्या येतील.”

“आणि नसते आले तर?”

“तुम्ही? तुम्हाला घास तरी उतरला असता का?”

ती रस्त्यातच रडू लागली. “मी इतकी घाबरले...”

“गाडी पेटेल म्हणून?”

“गाडी गेली खड्ड्यात! तुम्ही होतात त्यात... म्हणून!”

बोलून गेली, आणि तिने जीभ चावली. आईला अचानक दरीतलं धुकं फारच बघण्यासारखं वाटू लागलं.

त्याने टॉर्च धरला. तिने पन्नी काढली, नवा फ्यूज बसवला. या वेळी टॉर्चही हलत होता.

“आता गाडी सोडायला हरकत नाही,” ती हळूच म्हणाली. दोरा तिच्या बोटांत होता. तो तरुण मात्र जागचा हलला नाही.

“आणि मला?”

तिने वर पाहिलं. मग तो लाल दोरा त्याच्या शर्टच्या बटणाला बांधला. स्वभावच तसा, म्हणून दोन गाठी मारल्या.

“दोरा असेपर्यंत...” त्याने सुरुवात केली.

“सोडायचं नाही,” तिने पुरं केलं.

“पोरांनो, माझे पाय आखडले!” आई म्हणाली. “माझ्या बहिणीकडे चहा तरी गरम मिळेल. चल गं, तूही!”

धास्ती स्कूटरवरून गाडीच्या मागोमाग निघाली. दिवे नीट चालतात का बघायला, असं तिने आईला सांगितलं.