साठ किलो कुठं ठेवायचे?

हलकी असताना जी गाडी वळणावर कधी घसरली नाही, तीच गाडी एक शर्यत जिंकल्यावर सारखी का घसरायला लागली? महिनाभर आमच्या गॅरेजात हा एकच प्रश्न होता आणि महिनाभर मी वैतागलो होतो. मी म्हणजे बजाबा. यंत्रमानव, काम वजन उचलणे. माझ्या उजव्या कोपराचं बेअरिंग झिजलंय, बॅटरी दुपारपर्यंत जेमतेम टिकते, तरी सगळ्यांचं आपलं चालूच असतं, "बजाबा, हे उचल. बजाबा, ते धर." यंत्र दमत नाही असं ज्याला वाटतं ना, त्याला एक दिवस माझ्याकडे पाठवा.

आधी शर्यतीचं सांगतो. आमच्या कोल्हापूरच्या ट्रॅकवर दर हंगामात सहा शर्यती होतात. धावणाऱ्या गाड्या काही खास बनवलेल्या नसतात. शोरूममध्ये मिळते, लोक जिच्यातून लग्नाला जातात, तीच चार दारांची, डिकीवाली विजेची गाडी. आतल्या सीटा काढायच्या, चालकाच्या बचावासाठी आत सळयांचा पिंजरा बसवायचा आणि पळवायची. एकच जण सारखा जिंकू नये म्हणून एक नियम आहे. पहिला आला की पुढच्या शर्यतीपासून गाडीत साठ किलो शिसं वाहायचं. दुसऱ्याला चाळीस, तिसऱ्याला वीस. याला सगळे 'मानाचं वजन' म्हणतात. हंगाम संपेपर्यंत ते उतरत नाही.

आमच्या गॅरेजला दहा वर्षांत हा मान कधी मिळालाच नव्हता. यंदा पहिल्याच शर्यतीत पद्माक्का मगदूम पहिल्या आल्या. पेढे वाटले, फटाके उडवले आणि मी शिशाच्या दहा-दहा किलोच्या सहा पाट्या डिकीत ठेवल्या. पुढच्या दोन्ही शर्यतींत अक्का 'नागीण' नावाच्या वळणावर घसरून गवतात गेल्या. नागीण म्हणजे आधी डावं वळण आणि लगेच उजवं, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही.

चौथ्या शर्यतीच्या दिवशी सकाळच्या सरावातही तेच झालं. अक्का गाडीतून उतरल्या, हेल्मेट काढून टायरवर ठेवलं आणि तिथंच जमिनीवर बसल्या.

"बास झालं," त्या म्हणाल्या. "आज दुपारी पुन्हा घसरले तर हे हेल्मेट परत डोक्यावर चढणार नाही. दमले मी."

त्यांची अकरा वर्षांची लेक सन्मती शेजारी उभी होती. आईच्या गुडघ्यावरचं गवत तिनं झटकलं.

आमचे मिस्त्री दस्तगीरचाचा टायर तपासत होते. महिनाभरात त्यांनी टायर बदलले, स्प्रिंगा बदलल्या, ब्रेक बदलले. एक गोष्ट मात्र बदलली नाही. अकरा वाजले होते, शर्यत दोनला होती, आणि चाचा पुन्हा टायरच बदलत होते.

सन्मती कंटाळून गॅरेजातल्या गोल फिरणाऱ्या स्टुलावर जाऊन बसली. दोन्ही हातांत दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या, हात दोन्हीकडे पसरलेले.

"बजाबा, ढकल की."

"माझं कोपर दुखतंय."

"तुला कुठं दुखतं रे? ढकल!"

ढकललं. स्टूल हळूच फिरलं. मग तिनं थांबून बाटल्या छातीशी धरल्या. मी तेवढाच धक्का दिला, तर पोरगी भोवऱ्यासारखी गरगरली.

"असं कसं?" ती म्हणाली. "बाटल्या त्याच, मी तीच. वजन काही वाढलं नाही."

मी तिला पुन्हा हात पसरायला लावलं आणि आता छातीशी बाटल्या असतानाच्याच वेगानं फिरवलं. त्यासाठी मला चांगलाच जोर लावावा लागला. थांबवायलाही तेवढाच लागला, कोपर कुरकुरलं.

"ऐक," मी म्हणालो. "प्रत्येक वस्तूत जडत्व असतं (आहे तसंच राहण्याचा हट्ट). थांबलेली वस्तू हलायला कुरकुरते आणि हलणारी थांबायला कुरकुरते. माझ्यासारखी. वस्तू गोल फिरवायची असली की हा हट्ट नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन मधल्या बिंदूपासून किती लांब आहे, यावरही ठरतो. त्या मापाला म्हणतात जडत्वाचा आघूर्ण (फिरायला लागताना आणि फिरणं थांबवताना वस्तू किती अडून बसते, त्याचं माप). वजन दुप्पट लांब नेलं की त्याचा हट्ट दुप्पट नाही, चौपट होतो."

सन्मती स्टुलावरून उतरली. गाडीकडे बघितलं. मग डिकीकडे.

"बजाबा, गाडी वळते म्हणजे काय करते? स्वतःभोवती थोडीशी फिरतेच ना?"

"फिरते."

"आणि नागिणीत आधी डावीकडं फिरायचं, ते थांबवायचं आणि लगेच उजवीकडं फिरायचं. आणि तू साठ किलो पार शेवटाला ठेवलेत!"

खरं सांगतो, मला लाज वाटली. हे गणित माझ्या डोक्यात कारखान्यातूनच भरलेलं होतं. पण चाचा म्हणाले "डिकीत टाक," मी टाकलं. कुणी मला विचारलं नाही आणि आपलं काम उचलण्याचं म्हणून मीही तोंड उघडलं नाही.

चाचांना सांगायला गेलो तर ते भडकले. "चाळीस वर्सं झाली मला ह्या धंद्यात! डिकीत वजन टाकलं की गाडी बसती. घाटात चिखल असला की आम्ही मागं वाळूचं पोतं टाकायचो. चाक घसरायची बिशाद न्हवती!"

"तेव्हा इंजिन मागची चाकं फिरवायचं, चाचा," मी म्हणालो. "वजनानं तीच चाकं रस्त्यावर दाबली जायची, तुमचं बरोबरच होतं. हिची मोटर पुढची चाकं फिरवते. मागच्या चाकांच्याही मागं वजन टाकलं की पुढची उलट हलकी होतात. आणि वळण संपलं तरी शेपूट फिरतच राहतं."

"मला शिकवतोस व्हय रं?"

सन्मतीनं वाद घातला नाही. तिनं स्टूल आणून चाचांच्या मागं ठेवलं. "बसा की चाचा. एकदाच."

सत्तर वर्षांचे चाचा पुटपुटत बसले, हात पसरून बाटल्या धरल्या. मी फिरवलं. मग त्यांना पाय टेकवून थांबायला सांगितलं. चप्पल फरफटत गेली, तरी अर्धा फेरा जास्तच झाला. बाटल्या छातीशी घेऊन त्याच वेगानं फिरवलं, तेव्हा जागच्या जागी थांबले.

चाचांनी बाटल्या खाली ठेवल्या.

"आयला," ते म्हणाले. "महिनाभर पद्माला मीच गवतात घालत होतो की रं."

नियम एवढंच सांगतो की वजन बोल्टनं घट्ट आवळलेलं हवं. कुठं, ते लिहिलेलं नाही. अक्कांच्या शेजारची सीट काढलेलीच होती. चाचांनी तिथं फरशीला भोकं पाडली, मी सहा पाट्या डिकीतून काढून पुढं आणल्या. गाडीच्या लांबीच्या अगदी मधोमध, जमिनीलगत. पावणेदोनला शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा माझी बॅटरी अकरा टक्क्यांवर आली होती.

अक्कांनी पाट्यांकडे बघितलं. "हे कुणी सुचवलं?"

चाचांनी सन्मतीकडे बोट केलं. अक्कांनी हेल्मेट घातलं.

पहिल्या फेरीत गाड्या नागिणीकडे आल्या तेव्हा सन्मतीनं माझं दुखरं कोपर घट्ट धरलं. अक्कांची गाडी डावीकडं वळली, जराशी डुलली, सावरली आणि उजवीकडं वळून सरळ निघून गेली. चौदा फेऱ्या, चौदाही वेळा. साठ किलोंनी सरळ रस्त्यावर गाडीला जड केलंच होतं, त्यामुळं दोन गाड्या पुढं निघून गेल्या. अक्का तिसऱ्या आल्या.

गाडीतून उतरल्या तेव्हा घामानं भिजल्या होत्या. तेवढ्यात पंच हातगाडी ढकलत आले. तिच्यावर शिशाच्या दोन पाट्या.

"तिसरा क्रमांक, वीस किलो. पुढच्या शर्यतीत उतरणार असाल तर इथं सही करा. नसाल तर पाट्या परत नेतो."

अक्कांनी हेल्मेट टायरवर ठेवलं, कागद घेतला आणि सही केली.

"सराव शनिवारी सकाळी," त्या म्हणाल्या. "आज मला झोपू द्या."

मी पाट्या उचलल्या. कोपर कुरकुरलं, पण कधी नव्हे ते मला उचलायला बरं वाटलं. सवयीनं पावलं डिकीकडे वळली आणि मी थबकलो. चाचा भोकांच्या खुणा करायला खडू घेऊन गाडीशी गुडघ्यांवर बसले होते. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"सन्मतीबाई," ते म्हणाले, "ह्या दोन कुठं ठेवायच्या?"