कसरीने सोडलेली पावलं

धाकटीचा धंदा गालिच्यांचा. विकायचा नव्हे, वाचवायचा. लोक आपले लोकरी गालिचे तिच्या दुकानात आणून टाकत आणि ती ते झटकून, धुऊन, रफू करून, कागदात गुंडाळून परत देई. देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला ती एकाच सुरात बजावायची. महिन्यातून एकदा कोपरा उचलून खाली बघा. कपाटाखालचा भाग सोडून झाडू नका, लोकर खाणारी कसर तिथेच संसार मांडते. आणि दर सहा महिन्यांनी गालिचा अर्धा फिरवा, दाराकडचं टोक खिडकीकडे. गिऱ्हाईक मान डोलवायचं, घरी जायचं आणि यातलं काही करायचं नाही. त्यावरच दुकान चालत होतं.

हे सगळे नियम आप्पांचे, तिच्या वडिलांचे. दुकानही आप्पांचं. चार महिन्यांपूर्वी आप्पा गेले, तेव्हापासून धाकटी रोज दुसऱ्यांच्या गालिच्यांखाली वाकून बघत होती. घरच्या गालिच्याखाली बघायचं मात्र राहून गेलं.

एका रविवारी सकाळी आईच्या चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून तिने बैठकीच्या खोलीतला गालिचा उचलला. खाली वाळूसारखी कचकच, आणि तांदळाच्या कण्या चिकटवल्यासारखे पांढरे कोश.

"काय गं?" आईने खुर्चीतून विचारलं.

"काही नाही."

"कसर लागलीये ना? लोकांना वर तोंड करून सांगतेस तेव्हा बरं सुचतं."

 धाकटीने व्हॅक्यूम लावला. कसरीने खाल्लेली लोकर वरून जागच्या जागी उभी दिसते, पण मुळातून सुटलेली असते. व्हॅक्यूमने ती सगळी ओढून घेतली. पिशवी दोनदा भरली. आईच्या खुर्चीपुढच्या लाल लोकरीला हातभर टक्कल पडलं, खालचा राखाडी सुती ताणा, म्हणजे उभे दोरे, उघडा पडला. त्या टकलावर लोकरीची दोन बेटं तेवढी शिल्लक राहिली. लांबट, मध्ये निमुळती, एक जरा पुढे, एक जरा मागे.

आई चष्मा नसतानाही चटकन म्हणाली, "हे ह्यांचे पाय."

"आई, पायासारखं काहीही दिसतं. बटाटासुद्धा दिसतो."

"बटाट्याचा डावा पाय असा बाहेर वळतो का?"

डावं बेट बाहेर वळलेलं होतं. आप्पा तसेच चालायचे, घड्याळात अकरा वाजल्यासारखे.

धाकटीला त्रास आकाराचा झाला नाही. आकार कुणाचाही होतो. तिला त्रास झाला तो कसरीच्या वागण्याचा. कसर मळलेली लोकर आधी खाते. घाम, तेल, पायांचा मळ तिला फार आवडतो. जिथे माणूस रोज पाय ठेवतो तिथे पहिलं भोक पडायला हवं. इथे बरोबर तेवढंच सोडून बाकी फस्त केलं होतं. बारा वर्षांच्या धंद्यात इतक्या शिस्तीत उलटं काम करणारी कसर तिने पाहिली नव्हती.

सोमवारी सकाळी टक्कल दाराच्या दिशेने हातभर सरकलं होतं आणि त्यात तिसरं पाऊल होतं.

मंगळवारी चौथं.

धाकटी भिंग घेऊन दोन तास पालथी पडली. एका दिवसात एवढी लोकर खायला चिमूटभर अळ्या पुरणार नाहीत, बादलीभर लागतील. तिला एकही जिवंत अळी सापडली नाही. आई खुर्चीत बसून चहा पीत तिच्याकडे बघत होती.

"उठ. कमरेत धरेल."

"काहीतरी खातंय ना, आई. हवा खात नाही लोकर."

"दाराकडे तोंड आहे. जातायत. जाऊ देत."

"चार महिन्यांनी?"

"चपला शोधत असतील."

आई हे इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणाली की धाकटीला हसावं की नाही कळेना. पण गालिचा आप्पांनी स्वतःच्या हाताने सांधलेला होता, आणि धाकटी कसरीपुढे हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने गालिचा गुंडाळला, प्लास्टिकमध्ये बांधला आणि ओळखीच्या आइस्क्रीम कारखान्यात नेला. उणे पंचवीसमध्ये तीन दिवस, मग एक दिवस बाहेर, मग पुन्हा तीन दिवस. त्यातून अळी वाचत नाही, अंडंही वाचत नाही.

"व्हॅनिलाशेजारी जागा आहे," कारखान्याचा मॅनेजर म्हणाला. "पण वास लागला तर?"

"गालिच्याला की आइस्क्रीमला?"

"दोघांपैकी कुणालाही."

सातव्या दिवशी तिने गालिचा परत आणला. वर एक दिवस उन्हात घातला, ब्रश मारला, मोजला. बेटं चारच होती, टक्कल तेवढंच. तिला बरं वाटलं. मग तिने तो खोलीत अंथरला, आणि अंथरताना हातांनी आपलं काम आपणच केलं. सहा महिने भरले होते. हजारदा केलेली गोष्ट हात विचारून करत नाहीत. तिने गालिचा अर्धा फिरवला.

आई स्वयंपाकघरातून आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"हे काय केलंस?"

"काय?"

"त्यांचं तोंड इकडे केलंस."

धाकटीने पाहिलं. चारही पावलं आता दाराशी होती, आणि बोटं आईच्या खुर्चीकडे. बाहेर निघालेला माणूस तिने स्वतःच्या हाताने पुन्हा घरात वळवला होता.

"आई, अळ्या गोठून मेल्यात. हे आता नुसतं चित्र आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रात पाचवं पाऊल होतं.

धाकटीने दादाला फोन लावला. दादा दूर राहायचा आणि त्याला प्रत्येक गोष्टीवर उपाय माहीत असायचा, फक्त तो दुसऱ्याने करायचा असायचा.

"जाळून टाक," दादा म्हणाला.

"आप्पांचा गालिचा आहे तो."

"त्यांना आता काय फरक पडणारे?"

"फरक पडतोय म्हणून तर फोन केला."

 मग दादा म्हणाला, "आईला माझ्याकडे पाठव." फोन स्पीकरवर होता. आईने खुर्चीतूनच नाही म्हणून हात हलवला. "सांग त्याला, मी माझ्या घरातून हलत नाही. आणि कुणी गालिचा जाळायचा नाही, टाकायचा नाही. तो नसला तर हे कुठवर आलेत ते मला कसं कळणार?"

धाकटीने फोन ठेवला. 

आई उठली. गुडघे दुखत होते तरी कुणाचा हात न धरता ती गालिच्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, आणि घरात पाहुणा आल्यावर बोलावं तशा स्पष्ट आवाजात बोलली.

"अहो, ऐका. सेहेचाळीस वर्षं तुम्ही दारात उभे राहून 'झालं का, झालं का' केलंत. लग्नाला निघताना, दवाखान्यात निघताना, स्टेशनवर निघताना. गाडीला दोन तास असायचे, मी साडीच्या निऱ्या हातात धरून यायची. ह्या वेळी मी येत नाहीये. तुम्ही व्हा पुढे. मला अजून ढीगभर कामं आहेत."

"कसली कामं?" धाकटीने हळूच विचारलं.

"ते त्यांना कशाला सांगायचं?"

दोघींनी मिळून गालिचा पुन्हा फिरवला. बोटं पुन्हा दाराकडे झाली. आईने हात झटकले. धाकटीलाही, खरं सांगायचं तर, शाळेत कुणाची तरी खोडी काढल्यासारखं वाटलं.

सकाळी सहावं पाऊल आलं. ते पाचव्याला खेटून होतं आणि उलटं होतं. माणूस चालता चालता थांबला होता आणि मागे वळला होता.

"हुशार झालेत मेल्यावर," आई म्हणाली. पण तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

सातवं पाऊल खुर्चीच्या दिशेने, जुन्या टकलाशेजारच्या शाबूत लोकरीत.

आठवं.

खुर्चीपर्यंत आता तीन पावलं अंतर होतं, फार तर चार. त्या दिवशी धाकटीने दुकान उघडलं नाही. दुकानातली वाकडी सुरी घेऊन ती घरी आली. ह्या सुरीने तिने आजवर फक्त कुजलेल्या कडा छाटल्या होत्या. चांगला गालिचा मधून कापणाऱ्याला आप्पांनी दारात उभं केलं नसतं. ती आठव्या पावलापुढे गुडघ्यावर बसली, पट्टी ठेवली आणि गालिचा आडवा कापला. उभे दोरे एकेक करून तुटताना टक टक वाजत होते. खुर्चीकडचा अर्धा भाग, त्यावरच्या पहिल्या पावलांसकट, तिने गुंडाळून दुकानात नेऊन टाकला. आता आई आणि पावलांच्या मध्ये नुसती फरशी होती. फरशी कसर खात नाही.

"आता या," धाकटी उरलेल्या पावलांना म्हणाली. तिच्या आवाजात जे आव्हान आलं ते तिने आयुष्यात आप्पांसमोर कधी येऊ दिलं नव्हतं. "चालून दाखवा."

दुसऱ्या दिवशी नववं पाऊल आठव्याच्या शेजारी, अगदी जोडून. दोन्हींची बोटं कापलेल्या कडेला टेकलेली. पाण्याच्या काठावर माणूस उभा राहतो तसं.

तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशीही नाही.

बारा दिवस पावलं तिथेच उभी राहिली आणि आईला कंठ फुटला. "फरशी गार लागतेय का?" ती सकाळी चहा घेताना विचारायची. "मोजे देऊ?" ती दोनदा जेवायला लागली. तिने चष्म्याला नवी काडी बसवून घेतली. दादाला फोन करून तिने त्यालाच चार उपाय सांगितले. धाकटी दुकानातून आली की आई आधी निकाल सांगायची, "तिथेच आहेत. हलले नाहीत." जणू दोघींचा संघ सामना जिंकत होता आणि पंच लवकरच शिट्टी मारणार होता.

हवा गार झाली. तेराव्या दिवशी दुपारी धाकटी घरी आली तेव्हा आईने दारातच तिला गाठलं आणि मनगट धरून आत नेलं.

"बघ."

गालिच्याच्या कापलेल्या कडेला काही नव्हतं. राहिलेल्या सगळ्या पावलांची लोकर गेली होती. दाराकडच्या टोकापर्यंत नुसता राखाडी ताणा, गोणपाटासारखा.

"गेले!" आई म्हणाली. "मी सांगितलं होतं ना? माझा हट्ट त्यांना माहीत नाही होय? सेहेचाळीस वर्षं काढलीयेत."

धाकटी खाली बसली आणि हसली. खूप दिवसांनी, पोटातून. आईही हसत हसत आपल्या खुर्चीत जाऊन टेकली आणि खांद्यावरची शाल सारखी केली. थंडी वाजू लागली म्हणून तिने सकाळी ट्रंकेतून काढलेली. लोकरीची, करड्या रंगाची, डांबरगोळ्यांचा वास येणारी.

"चहा टाक," आई म्हणाली. "आज साखर जास्त."

धाकटी उठली. आईच्या बाजूने जाताना तिचं लक्ष शालीकडे गेलं. धंद्याची सवय.

शाल उजव्या खांद्याभोवती जाळीसारखी विरली होती. आरपार आईच्या पोलक्याचा रंग दिसत होता. मध्ये जाड, शाबूत लोकरीचे चार पट्टे खांद्यावरून पुढे आले होते. पाचवा, आखूड, मागच्या बाजूला.

"काय गं?"

"काही नाही. कोंडा पडलाय."

तिने बोटाने झटकल्यासारखं केलं. त्या चार पट्ट्यांची लव दबलेली होती. गालिच्यावर जड कपाट ठेवल्यावर दबते तशी. तिने नखाने ती उभी केली. लव क्षणभर उभी राहिली आणि तिच्या देखत पुन्हा बसली.

"मी नाही म्हटलं की नाही," आई दाराकडे बघत खुशीत म्हणाली.

चार बोटं पुढे, अंगठा मागे. म्हणजे हात मागून ठेवलेला होता. धाकटीने आईच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. मागून कुणी यायला नको म्हणून, गालिचा कापला त्याच दिवशी तिने ती खुर्ची भिंतीला लावली होती. खुर्चीची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये बोट घालायलाही जागा नव्हती.