उतरवलेला कोहळा

बंगळूरला आमच्या कॉटनपेटच्या गल्लीत डिझेलची पहिली मोटार आली ती आमच्या दारात. बासष्ट साल. माझ्या नरसूने, म्हणजे नरसिंहरावने, ती चिकमगळूरकडच्या एका कॉफीच्या मळेवाल्याकडून घेतली. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून आत डिझेलचं बसवलेलं होतं. सकाळी चालू केली की गल्लीतली मांजरंसुद्धा उठून बसायची. समोरची पद्मावती म्हणाली, "सोयराबाई, तुमच्या गाडीला पडसं झालंय काय?" मी म्हटलं, "झालंय गं. पण जाते तरी. तुझे यजमान सायकल हातात धरून नेतात, ती अजून चालायला शिकतेय वाटतं." त्यानंतर तिने गाडीचं नाव काढलं नाही.

गाडी भाड्याने जायची. नंदी, मैसूर, तिरुपती. नरसूचा बाप लवकर गेला, घर मी ओढलं, आणि आता ते त्या चार चाकांवर चाललं होतं. चालायला हवंच होतं, कारण सून वसुमतीला दिवस गेले होते. आधी दोनदा हाती काही लागलं नव्हतं. हा तिसरा. तिला मी उंबऱ्यावर बसू देत नव्हते, की विहिरीवर जाऊ देत नव्हते.

मे महिन्यात गाडी नंदीच्या डोंगराच्या चढावर तापली. रेडिएटरमधून वाफ आली, पाहुणे खाली उतरून झाडाखाली बसले. मला त्यात काही नवल वाटलं नाही. चढावर माणूस तापतो, लोखंड का तापणार नाही? पण जूनमध्ये ती केंगेरीच्या सपाट रस्त्यावर तापली. मग मार्केटपासून घरापर्यंत येता येता तापली. नरसू म्हणाला, "आई, पाणी नेहमीइतकंच भरतो. कुठे गळत नाही. काटा आपला वर."

कलासिपाळ्यातला मल्लाप्पा मेस्त्री घरी आला. बेळगावकडचा माणूस, मराठी आमच्याहून बरी, मध्येच कन्नड. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने गाडीचं तोंड उघडलं. मी तिथेच पाटावर तांदूळ निवडत बसले. आपल्या घरात कोण काय उघडतंय ते बघावं माणसाने.

पहिल्या दिवशी पंख्याचा पट्टा बदलला. दुसऱ्या दिवशी रेडिएटर काढून उलटा धुतला, तांबडी माती निघाली बादलीभर. "हे बघा अक्का, घसा बसला होता तिचा," मल्लाप्पा म्हणाला. पाण्याचा पंप बघितला, रबरी नळ्या बघितल्या. मग एक पितळी भोवरा घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"अक्का, चूल पाहिजे. हा थर्मोस्टॅट. पाणी तापलं की ह्याने तोंड उघडायचं आणि वाट द्यायची. उघडतो का बघतो."

"माझ्या पातेल्यात?"

"जुनं द्या की."

मी जुनं पातेलं दिलं. त्याने तो भोवरा दोऱ्याने पाण्यात सोडला. आधण उकळायच्या आधी बारीक आवाज करतं, तो प्रत्येक बाईला ठाऊक असतो. आमच्यात म्हणतात, पाणी गातंय. पाणी गायला लागलं आणि त्या पितळेने हळूच तोंड उघडलं. मल्लाप्पा म्हणाला, "सरी. हा शहाणा आहे."

मग त्याने इंजिनाचं वरचं झाकण उतरवून त्याखालची गॅसकेट नवी घातली. चार दिवस गेले. तोवर आषाढ सरत आला होता. त्या दिवसांत बंगळूरला दुपारीसुद्धा शाल लागते. आठवडाभर ऊन पडलं नव्हतं, शेडचा पत्रा हाताला गार लागत होता. गाडी तीन दिवस उघडीच उभी होती, बॅटरीच्या तारासुद्धा काढलेल्या.

पाचव्या दिवशी सकाळी मी फुलं तोडायला परसात गेले. आमची मांजर रोज बॉनेटवर झोपायची. ती त्या दिवशी भिंतीवर बसून गाडीकडे बघत होती. मला शेडमधून आवाज आला. बारीक. पाणी गात होतं.

मी बॉनेटला हात लावला. तापातल्या माणसाच्या पाठीला लावावा तसा लागला.

मल्लाप्पा आला, त्याने फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफ आली. त्याने बोट बुडवलं आणि चटकन काढून तोंडात घातलं. मग बॅटरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कोणी चालू केली काय?"

"तारा तुझ्या खिशात आहेत. कोण चालू करणार, मांजर?"

तो पायरीवर बसला. चहा दिला तो तसाच राहिला. "अक्का, डिझेलचं इंजिन तसं थंड डोक्याचं. आग असती तर विझवली असती मी. इथे आगच नाही. हे माझ्या हातातलं नव्हे." थोड्या वेळाने म्हणाला, "परवा अमावास्या. कोहळा उतरवा गाडीवरून."

बंगळूरला हे सगळे करतात. कोहळ्याला वर भोक पाडायचं, आत कुंकू भरायचं, गाडीवरून तीनदा ओवाळायचा आणि रस्त्यात आपटून फोडायचा. मागे बघायचं नाही. आमच्या मांडवावर कोहळा होताच, मोठा, पांढरी राख धरलेला.

अमावास्येला सकाळी गाडी दारात ओढली. नरसूने कोहळा ओवाळला. तिसऱ्या फेऱ्याला त्याचे हात खाली आले. "जड झाला," म्हणाला. समोर पद्मावती दारात येऊन उभी होती, हाताची घडी घालून. तिच्यामागे तिची जाऊ. सगळ्या गल्लीला कळणार होतं की सोयराबाईच्या गाडीला बाहेरचं काही लागलंय.

आणि दुसरंही होतं. लढाईच्या वर्षांत रेशनवर तांदूळ मिळेना, तेव्हा ह्याच मांडवावरच्या कोहळ्यांवर मी नरसूला वाढवला. माझ्या घरात शीत सांडलं तर मी उचलून खाल्लेलं आहे.

मी नरसूच्या हातातून कोहळा घेतला. "ओवाळला ना? झालं. अन्न रस्त्यात आपटायची रीत आमच्यात नाही."

मल्लाप्पा पुढे आला. "नको अक्का. घरात नेऊ नका तेवढं."

"तू नट आणि बोल्ट बघ."

"मग तळ्यात तरी सोडा. कुठेही फोडा. पण घरात नको."

"फोडते मी परसात," म्हटलं आणि पदराखाली घेऊन आत गेले.

गाडी चालू झाली. कलासिपाळ्यापर्यंत, लालबागपर्यंत, परत. काटा मधोमध. नरसू लहान पोरासारखा हसला आणि त्याच दिवशी भाडं घेऊन मैसूरला गेला.

मी कोहळा विळीवर घेतला. चिरला, तर आतून वाफ आली. कुंकू भरलेला भाग मी आधीच काढून टाकला होता. उरलेला गर शिजलेला होता, पार पारदर्शक, चमच्याने निघेल असा. मी थांबले. खोटं कशाला सांगू, थांबले होते. मग म्हटलं, ओवाळायच्या आधी बॉनेटवर ठेवला होता, त्याची धग लागली असेल. ताक घालून त्याची आमटी केली. मला अमावास्येचा उपास. वसुमती एकटी जेवायला बसली. सहावा महिना, आंबटाची ओढ. दोनदा मागून घेतली.

"घे," मी म्हटलं. "कोहळा थंड असतो. पोटातल्याला बरा."

दोन दिवसांनी नरसू नंदीचं भाडं घेऊन पहाटे निघाला. वसुमती भाजी निवडत होती. बाहेर भुरभुर पाऊस. ती म्हणाली, "आत्या, किती उकडतंय." मी हसले. मग तिचं तोंड बघितलं. तांबडं, आणि घामाचा थेंब नाही. कपाळाला हात लावला आणि मागे घेतला. शाळा मी दोनच इयत्ता शिकले, पण घड्याळ मला वाचता येतं. साडेआठ वाजले होते. नऊच्या पुढे ती आपोआप निवली आणि तांब्याभर पाणी प्याली.

संध्याकाळी मी नरसूला सहज विचारल्यासारखं विचारलं, "नंदीचा चढ कधी लागला?"

"साडेआठला. नऊला वर पोचलो. काटा जागचा हलला नाही आई. मल्लाप्पाचे पाय धरले पाहिजेत."

तिरुपतीच्या दिवशी घाटाच्या वेळेला परत तेच. डॉक्टर आणले. त्यांनी थर्मामीटर लावला, काढला, झटकला, परत लावला. हिवताप नाही, विषमज्वर नाही. रक्त तपासलं, छाती तपासली. एकेक गोष्ट बाजूला काढत गेले, मल्लाप्पासारखेच. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "पाणी भरपूर द्या."

मला खात्री करून घ्यायची होती. रविवारी सकाळी मी वसुमतीला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, केस विंचरायचं निमित्त केलं आणि तिचं मनगट धरलं. नरसूला ओरडून म्हटलं, "जरा चालू करून ठेव रे, आवाज वेगळा वाटतो."

इंजिन चालू झालं. मनगट कोमट होतं.

"वाढव जरा."

त्याने वाढवलं. माझ्या मुठीतला हात तापत गेला, पेल्यात गरम कॉफी ओतावी तसा, खालून वर.

"आत्या, सोडा, तुमचे हात भाजतायत," वसुमती म्हणाली.

"बंद कर रे."

हात निवत गेला.

मी तिचे केस विंचरत राहिले. वेणी तीनदा घातली.

मल्लाप्पाला बोलावलं. गाडीचं नाव न घेता वसुमतीचं सांगितलं, पण त्याने गाडीकडेच बघितलं. "पाणी काढून ठेवतो सगळं," म्हणाला आणि रेडिएटरची खालची तोटी उघडली. बादली निम्मी झाली असेल. आतून वसुमतीची हाक आली, पाणी द्या. मी तांब्या दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला तिचा ओठ मधोमध फाटला. मी परसात धावले आणि तोटी मी स्वतः बंद केली. सगळं पाणी परत ओतायला लावलं.

मल्लाप्पा ओल्या हातांनी उभा होता. खाली बघून म्हणाला, "अक्का, कोहळा फोडला होता ना?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "फोडला."

त्याने तोटी परत एकदा आवळली. मग म्हणाला, "तर मला समजत नाही. गाडी झाकून ठेवा. हलवू नका. कुणाला देऊ नका."

झाकलेली गाडी पोराला काय खायला घालणार? मी तीन आठवडे झाकून ठेवली. नरसू दुसऱ्याच्या टॅक्सीवर जायला लागला, गल्लीत कुजबुज झाली. माझ्या मनाने घेतलं, घरातून गेली की अंगातून जाईल. नजरेआड झालं की नातं तुटतं, माणसाचंसुद्धा. मीच नरसूला म्हटलं, विकून टाक. त्याला ठाऊक नव्हतं, तो नको म्हणत होता. मी ऐकलं नाही.

दलाल आला आणि घेऊन गेला. गल्लीच्या तोंडाशी वळताना आवाज आला, मग नाही आला. वसुमती दारात उभी होती. तिच्या कपाळावर हात ठेवून मी वाट बघत राहिले. तुटेल म्हणून.

तुटलं नाही.

आता ते कधीही व्हायचं. दुपारी, पहाटे, जेवताना. कोण चालवतंय, कुठे, चढ केवढा, काही कळायला मार्ग नाही. तेव्हा मी नरसूला गाडीपुरतं सांगितलं. कोहळ्याचं नाही. तो तसाच उठून दलालाकडे गेला. गाडी सेलमला गेली होती. सेलमला गेला, तिथून पुढे विकली होती, केरळकडे म्हणाले. रंग बदलला होता. नंबर बदलला होता. नऊ दिवसांनी तो परत आला आणि बुटासकट पायरीवर बसला.

आश्विनात वसुमती बाळंत झाली. मुलगी. ती जगात आली त्या घटकेला वसुमतीचं अंग गार पडलं, साध्या माणसासारखं. पुन्हा कधी तापलं नाही. मी देवाला हात जोडत होते. नर्स मुलीला फडक्यात गुंडाळायला लागली आणि थांबली. कन्नडमध्ये म्हणाली, "हिला कापड कशाला? स्वल्प वेळ बाहेरच राहू दे. अंग किती ऊन आहे बघा."

चंपा आता चार वर्षांची आहे. हसरी आहे, माझ्यासारखी तोंडाळ आहे. तिच्या उशाशी, खेळण्याशेजारी, शिशुविहारातसुद्धा तांब्या भरलेला असतो. मल्लाप्पा दसऱ्याला येतो, तिच्यासाठी पेढे आणतो. तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि माझ्याकडे बघतो. मी चहा टाकायला आत जाते. गाडी जुनी झाली असेल. पट्टा सैल झाला असेल, घसा परत मातीने बसला असेल. त्या मालकाकडे कोणी चांगला मेस्त्री आहे की नाही, कोण जाणे.

आज दुपारी चंपा माझ्या मांडीवर झोपली. दोन वाजता अंग कोमट झालं. सव्वादोनला हात ठेवता येईना. मी तिला उठवून पाणी पाजलं, एक तांब्या, दुसरा. "अज्जी, अजून," म्हणाली आणि तशीच परत झोपली. घाट लांबचा असावा.

मी तिला पालथी केली आणि पाठीला कान लावला.

पाणी गात होतं.